प्रवेशाची शक्यता किती? लंडन, आंबेडकर आणि कोल्हापूर दरबार (धागा)

परदेशातील नामांकित बिझनेस स्कूलला अर्ज करणारा कोल्हापूरचा तरुण आज सर्वप्रथम एकच प्रश्न विचारतो : माझी शक्यता किती? पदवीची टक्केवारी, जीमॅटचे गुण, नोकरीचा अनुभव, दोन शिफारसपत्रे असे सारे एका कागदावर मांडून तो कुणा जाणकारापुढे ठेवतो आणि जाणकार अंदाज सांगतो. हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. १९२० साली एका अर्जदाराच्या बाबतीत तो लंडनमध्ये विचारला गेला आणि कोल्हापुरातही. दोन्हीकडची उत्तरे मात्र फार वेगळी होती.

तो अर्जदार म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. वय २९. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक.

आधी त्या काळचा नकाशा ध्यानात घ्यावा. ‘बिझनेस स्कूल’ ही कल्पना तेव्हा बाल्यावस्थेत होती. हार्वर्डची शाळा १९०८ सालची, कोलंबियाची १९१६ सालची. मुंबईचे सिडनहॅम कॉलेज १९१३ साली निघाले आणि ते आशियातील पहिले वाणिज्य महाविद्यालय मानले जाते. चलन, बँका, सरकारी वित्त, व्यापार यांचा उच्च अभ्यास ज्याला साम्राज्याच्या राजधानीत करायचा असे, त्याच्यापुढे एक नाव ठळकपणे उभे राही : लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. सिडनी आणि बिअ‍ॅट्रिस वेब यांच्या पुढाकाराने १८९५ साली स्थापन झालेली ही संस्था स्वतःला ‘विद्यापीठ’ न म्हणता ‘स्कूल’ म्हणवून घेई; पदवी लंडन विद्यापीठाची असे.

आता आजच्या पद्धतीने या अर्जदाराची कागदपत्रे तपासू.

मॅट्रिक, १९०७ : ७५० पैकी २८२ गुण. म्हणजे ३८ टक्क्यांनाही किंचित कमी. आजचा कोणताही सल्लागार हा आकडा पाहून भुवया उंचावील. परंतु हे गुण मिळविणारा मुलगा परळच्या चाळीतील एका खोलीत, सगळ्या कुटुंबाच्या गर्दीत, इतरांची झोपण्याची वेळ सांभाळून अभ्यास करीत होता, आणि अस्पृश्य समाजातून मॅट्रिक होणे हीच तेव्हा सत्काराची घटना होती. तसा सत्कार झालाही. त्या प्रसंगी कृष्णराव अर्जुन केळूसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. पुढे सयाजीराव गायकवाड यांच्यापर्यंत त्याचे नाव पोहोचविणारेही केळूसकरच. शिफारशीचे मोल मॅट्रिकच्या गुणांपेक्षा किती अधिक असते, याचा हा पहिला दाखला.

त्यानंतर एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए., आणि १९१३ साली बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. अट अशी की परतल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करावी. या करारावर सही करून आंबेडकर जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले.

कोलंबिया विद्यापीठातील त्यांची नोंद मात्र थक्क करणारी आहे. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३. शिवाय फ्रेंच व जर्मन भाषांची तोंडओळख. १९१५ साली एम.ए. पदवी. सार्वजनिक वित्ताचे जगन्मान्य पंडित एडविन सेलिग्मन हे त्यांचे अध्यापक. ज्या विद्यार्थ्याला मॅट्रिकला ३८ टक्केही मिळाले नव्हते, त्याची ही पत्रिका. एकाच माणसाविषयीचे दोन कागद इतके परस्परविरोधी असतील, तर ‘शक्यता’ कशावरून ठरवावी?

ऑक्टोबर १९१६ मध्ये ते लंडनला आले. एकीकडे ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव, दुसरीकडे लंडन स्कूलमध्ये प्रवेश. शुल्क १० पौंड १० शिलिंग. हॅल्फर्ड मॅकिंडर यांचा भूगोल, लोज डिकिन्सन यांचा राजकीय विचार, हॉबहाउस यांचा समाजविकास असे विषय त्यांनी निवडले. पण वर्ष सरते न सरते तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बडोद्याने परत बोलावले. १९१७ च्या उन्हाळ्यात ते निघाले. जाण्यापूर्वी त्यांनी विद्यापीठाकडून एक सवलत पदरात पाडून घेतली : ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे सुरू करता येईल.

ही चार वर्षांची मुदत विसरू नये. पुढच्या साऱ्या धावपळीमागे तिचे घड्याळ टिकटिकत होते.

बडोद्यात काय घडले हे सर्वज्ञात आहे. कोलंबियाची पदवी घेऊन आलेल्या अधिकाऱ्याला राहायला जागा मिळेना. पारशी विश्रामगृहातून त्यांना हुसकावण्यात आले. कचेरीतील शिपाई कागद दुरून टाकीत. नोकरी सोडून ते मुंबईला आले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकपद मिळाले, वेतन दरमहा ४५० रुपये. परळच्या चाळीत राहून, काटकसरीने घर चालवून त्यांनी लंडनसाठी पैसे साठविण्यास आरंभ केला.

इथे कोल्हापूर येते.

शाहू महाराजांना या प्राध्यापकाविषयी कुतूहल होते. कोल्हापूरचे दत्तोबा पवार हे दोघांमधील दुवा ठरले. संस्थानचा अधिपती परळच्या चाळीत एका अस्पृश्य प्राध्यापकाला भेटायला जातो, हे चित्र आजही डोळ्यांपुढे आणून पाहावे. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू झाले, त्यासाठी महाराजांनी २,५०० रुपयांचे साहाय्य केले. मार्च महिन्यात, २१ व २२ तारखांना, माणगाव येथे परिषद भरली (आज हे गाव कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यात आहे). अध्यक्ष आंबेडकर. महाराज स्वतः उपस्थित राहिले आणि तुम्हाला तुमचा पुढारी सापडला आहे, अशा आशयाचे बोलले.

सामान्यतः माणगाव परिषदेची कथा इथे संपते. परंतु तारखा शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. परिषदेच्या अवघ्या दहा दिवस आधी, मार्च १९२० मध्येच, आंबेडकरांनी सिडनहॅमची नोकरी सोडली होती. ज्या पुढाऱ्याची महाराज घोषणा करीत होते, तो पुढारी लंडनच्या वाटेवर होता आणि महाराजांना ते ठाऊक होते. पुढारी आपल्याजवळ ठेवून घ्यावा, की त्याला तीन वर्षांसाठी दूर जाऊ द्यावे? महाराजांनी दुसरा मार्ग निवडला आणि त्यासाठी पैशाची मदतही केली. माणगावच्या भाषणापेक्षा हा निर्णय अधिक अवघड होता, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

महाराजांनी आणखी एक काम केले. ब्रिटिश संसदेचे माजी सभासद सर आल्फ्रेड पीझ यांना त्यांनी आंबेडकरांची ओळख करून देणारे पत्र लिहिले. स्वतः महाराजांना १९०२ साली, इंग्लंडच्या भेटीत, केंब्रिज विद्यापीठाने एलएल.डी. ही सन्माननीय पदवी दिली होती. विलायतेत कोणत्या दारावर कोणाचे पत्र घेऊन जावे लागते, याची त्यांना पूर्ण जाणीव असणार.

म्हणजे या अर्जदाराच्या हाती आता दोन जातीची शिफारसपत्रे होती. सेलिग्मन यांचे पत्र विद्वत्तेची ग्वाही देणारे. ते लंडन स्कूलमधील अर्थशास्त्राचे प्राध्यापक हर्बर्ट फॉक्सवेल यांना उद्देशून होते. महाराजांचे पत्र माणसाची आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या समाजाची ओळख देणारे.

जुलै १९२० मध्ये आंबेडकर निघाले. खिशात स्वतःची बचत, कोल्हापूरची मदत, आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून कर्जाऊ घेतलेले ५,००० रुपये.

लंडनमध्ये फॉक्सवेल यांनी अर्जदाराचे मूल्यमापन केले ते असे. नोव्हेंबर १९२० मध्ये त्यांनी संस्थेच्या चिटणीस श्रीमती मेयर यांना कळविले की या गृहस्थांनी डॉक्टरेट आधीच मिळविलेली आहे, ते केवळ संशोधनासाठी आले आहेत, ही गोष्ट आपण विसरलो होतो. त्यांना आपल्या संस्थेशी जोडून घेता येत नाही याचा खेद वाटतो. आणि त्यांनी जिंकावे असे कोणतेही जग आता इथे उरलेले नाही. शेवटच्या वाक्यातील सूचक उल्लेख अर्थातच सिकंदराचा.

हा अभिप्राय आज मोठ्या कौतुकाने सांगितला जातो, आणि त्यात कौतुक आहेच. पण अर्जदाराच्या जागी उभे राहून तो पुन्हा वाचावा. अर्थ एवढाच निघतो की तुमची पात्रता गरजेपेक्षा अधिक आहे, म्हणून तुम्हाला इथे स्थान नाही. मॅट्रिकच्या गुणांनी जो उणा ठरला असता, तो कोलंबियाच्या कागदांनी जादा ठरला.

शिवाय फॉक्सवेल यांची माहितीही तांत्रिकदृष्ट्या अपुरी होती. कोलंबियात प्रबंध मान्य होणे आणि पदवी प्रत्यक्ष हाती पडणे यांत तेव्हा अंतर असे. प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठात जमा कराव्या लागत. छपाईला पैसे लागतात. आंबेडकरांचा ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्ताच्या उत्क्रांतीवरील ग्रंथ १९२५ साली छापला गेला आणि कोलंबियाची पीएच.डी. त्यांना औपचारिकरीत्या १९२७ साली मिळाली. ज्या पदवीमुळे १९२० साली त्यांच्यापुढे ‘जिंकायला जग उरले नाही’ असे म्हटले गेले, ती पदवी त्यांच्याकडे अजून आलेलीच नव्हती!

सुदैवाने फॉक्सवेल यांचा शब्द अखेरचा ठरला नाही. एडविन कॅनन यांच्या मार्गदर्शनाखाली काम सुरू झाले. प्रिमरोझ हिलजवळ किंग हेन्रीज रोडवर १० क्रमांकाच्या घरात मुक्काम आणि दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय. (हेच घर २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेतले.) १९२१ साली साम्राज्याच्या वित्तव्यवस्थेच्या प्रांतिक विकेंद्रीकरणावरील प्रबंधाला एम.एस्सी. मिळाली. म्हणजे विद्वत्तेच्या बाजूने शक्यतेचा प्रश्न वर्षभरात निकालात निघाला.

उरला पैशाचा प्रश्न. आणि इथेच या कथेतील सर्वांत विलक्षण योगायोग दडलेला आहे.

महायुद्धाच्या काळात चांदी भडकली. फेब्रुवारी १९२० मध्ये लंडनच्या बाजारात चांदीचा भाव औंसाला ८९ पेन्सच्या वर गेला. रुपया चांदीचा असल्यामुळे त्याचाही विनिमयदर चढत गेला. युद्धापूर्वी एका रुपयाला १ शिलिंग ४ पेन्स मिळत, म्हणजे १५ रुपयांना एक पौंड. १९२० च्या आरंभी हा दर २ शिलिंग १० पेन्सच्या आसपास जाऊन पोहोचला. बॅबिंग्टन स्मिथ समितीने रुपयाचा दर सोन्याच्या २ शिलिंगांवर कायम करावा अशी शिफारस केली. समितीतील एकमेव भारतीय सभासद दादिबा मेरवानजी दलाल यांनी भिन्न मतपत्रिका जोडून जुनाच १ शिलिंग ४ पेन्सचा दर राखावा असे सुचविले होते. त्यांचे कोणी ऐकले नाही.

पुढे चांदी कोसळली, भारताची निर्यात मंदावली, रुपया घसरू लागला. सरकारने हट्टाने तो सावरण्यासाठी ‘रिव्हर्स कौन्सिल बिले’ विकण्याचा सपाटा लावला. त्याचा अर्थ असा : भारतात रुपये भरा आणि लंडनमध्ये सरकारकडून चढ्या दराने पौंड घ्या. बाजारभावापेक्षा स्वस्तात पौंड मिळत असल्याने बँका आणि बडे व्यापारी त्यांवर तुटून पडले. कोट्यवधी पौंड असे वाटले गेल्यावर सप्टेंबर १९२० च्या अखेरीस सरकारने हात टेकले. १९२१ च्या आरंभी रुपया १ शिलिंग ४ पेन्सच्याही खाली उतरला होता.

आता भथेना यांचे ५,००० रुपये घ्या. २ शिलिंगांच्या दराने त्यांचे ५०० पौंड होतात. १ शिलिंग ४ पेन्सच्या दराने सुमारे ३३३. शुल्क तेच, खोलीचे भाडे तेच, कर्जही रुपयांत तेवढेच. पण लंडनमधील मुक्कामाचा एक तृतीयांश भाग हवेत विरून गेला. ज्याने आपली रक्कम टप्प्याटप्प्याने मागविली असेल, त्याला दर महिन्याला हा फटका बसत जाणार. परदेशात शिकणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याला हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही.

आणि आंबेडकरांच्या डी.एस्सी.च्या प्रबंधाचा विषय काय होता? रुपयाचा प्रश्न. त्याचा उगम आणि त्यावरील उपाय.

सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी लंडनहून शाहू महाराजांना पत्र लिहून २०० पौंडांचे कर्ज मागितले. विनिमयदर घसरल्याने आर्थिक अडचण उभी राहिली आहे, आणि कायद्याच्या शिक्षणाचे शुल्क व परतीचा प्रवास यांसाठी रक्कम हवी आहे, असे त्यात होते. भारतात परतल्यावर ही रक्कम फेडण्याची हमीही होती. २ शिलिंगांच्या दराने २०० पौंड म्हणजे दोन हजार रुपये. घसरलेल्या दराने सुमारे तीन हजार. सिडनहॅमच्या पगाराशी तुलना केली तर जवळजवळ सात महिन्यांचे वेतन.

या पत्राकडे आजवर बहुधा हालअपेष्टांचा पुरावा म्हणून पाहिले गेले. ते आहेच. पण ते एका अर्थतज्ज्ञाचेही पत्र आहे. रुपयाच्या किमतीतील चढउतारांचा बोजा शेवटी कोणाच्या पाठीवर पडतो, हे तो ग्रंथालयात वाचीत होता आणि महिनाअखेरीस खिशात मोजीत होता. ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’चा भर चलनाची अंतर्गत क्रयशक्ती स्थिर राखण्यावर आहे, आणि चलन निर्माण करण्याची मोकळीक सरकारच्या हाती ठेवण्यास त्यात विरोध आहे. त्या भूमिकेमागे अर्थशास्त्रीय युक्तिवाद आहेत आणि ते स्वतंत्रपणे उभे राहतात; लेखकाच्या दारिद्र्यातून सिद्धान्त निघाला असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. मात्र ज्या दोन वर्षांत हा सिद्धान्त आकार घेत होता, त्या दोन वर्षांत लेखकाचे स्वतःचे जगणे त्याच दरावर टांगलेले होते, हेही नाकारता येत नाही.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांचे मुंबईत निधन झाले. वय अवघे ४७. प्रबंध अजून सादर व्हायचा होता.

त्याच वर्षी आंबेडकर बॅरिस्टर झाले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांनी प्रबंध सादर केला. मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी तो आहे त्या स्वरूपात स्वीकारण्यास नकार देऊन सुधारून मागितला. साम्राज्यविरोधी निष्कर्षांमुळे तो अडविला गेला, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. ब्रिटिश चलननीतीवर प्रबंधात कठोर टीका आहे हे खरे. पण संस्थेच्या दप्तरातील त्यांच्या कागदपत्रांत नकाराचे असे कारण नोंदलेले आढळत नाही. चरित्रकार धनंजय कीर सांगतात की निष्कर्ष कायम ठेवून मांडणी बदलण्यात आली. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या दोन विधानांचे वजन वेगवेगळे ठेवावे.

ते काहीही असो, तोवर पैसे संपले होते. लंडनमध्ये राहून पुनर्लेखन करणे परवडणारे नव्हते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईत परतले, तिथेच प्रबंध नव्याने लिहिला आणि ऑगस्टमध्ये टपालाने पाठविला. नोव्हेंबर १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाने डी.एस्सी. मान्य केली. वर्षअखेरीस पी. एस. किंग या प्रकाशनसंस्थेने तो ग्रंथरूपाने आणला. प्रस्तावना कॅनन यांची. गंमत अशी की त्यांनी तीत लेखकाशी असलेले मतभेद मोकळेपणाने नोंदविले आहेत आणि तरीही त्याच्या विचारांच्या ताजेपणाला दाद दिली आहे. मार्गदर्शकाचे मत खोडून काढणारा प्रबंध मार्गदर्शकाच्याच प्रस्तावनेसह प्रसिद्ध होतो, ही गोष्ट त्या संस्थेविषयीही बरेच काही सांगून जाते.

आता मूळ प्रश्नाकडे. १९२० साली या अर्जदाराची शक्यता किती होती? गुणपत्रिका पाहणाऱ्याने ती नगण्य म्हटली असती. फॉक्सवेल यांनी त्याला प्रवेशाची गरजच नाही असे ठरविले. विनिमयदर पाहणाऱ्या एखाद्या सावकाराने कर्ज बुडणार असा निष्कर्ष काढला असता. यांतील प्रत्येकाच्या हाती एकेक कागद होता आणि प्रत्येकाचे गणित आपापल्या कागदापुरते बरोबर होते. शाहू महाराजांच्या हाती यांपैकी एकही कागद असण्याचे कारण नव्हते. त्यांनी परळच्या चाळीत आणि माणगावच्या मांडवात माणूस पाहिला होता.

डिसेंबर १९२५ मध्ये भारताच्या चलनाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे डॉ. आंबेडकर साक्षीसाठी उभे राहिले. रुपयाचा दर काय असावा, हा आयोगापुढील एक प्रमुख प्रश्न होता. पुढच्या वर्षी आयोगाने तो १ शिलिंग ६ पेन्स असावा असे सुचविले.